सुतावरून

अशोक चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर
पत्र्याची खोली. संध्याकाळी सातला क्लास.
आम्ही सतराजण, पंखा एक.
हत्तुरे सर फळ्यावर रोज पाच वाक्प्रचार लिहायचे,
म्हणायचे, पाठ नका करू,
त्यांच्यात चार दिवस राहायला जा.
पहिल्याच आठवड्यात, भर मे महिन्यात, लिहिलं:
ब्रेक द आइस.
मागच्या बाकावरून इरफान म्हणाला,
सर, आधी बर्फ मागवा की.

घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी,
भाजीवालीशी जे तोंडाला येईल ते.
इंग्रजी म्हणजे उशिरा आलेली चौथी सून,
तिला कुठे बसवायचं तेच कळेना.
रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज मी वहीत टिपून ठेवलं.
सोलापुरात ते वापरायचं म्हणजे
परतीच्या पावसाची वाट बघणं आलं.

अम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची,
मान वर न करता विचारायची, आज काय?
एकदा सांगितलं, हँगिंग बाय अ थ्रेड.
अर्थ सांगितला.
तिचा हात थांबला.
हे कुठलं इंग्रजी, म्हणाली,
हा तर तुझा बाप.
धागा तुटला की माग बंद,
माग बंद की मजुरी बंद.

मी अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात.
सहा वर्षं पॅकिंगला उभी होते,
मग स्पेलिंग येतं म्हणून ऑफिसात खुर्ची.
गड्ड्याची जत्रा भरली होती, निम्मे कामगार सुट्टीवर,
तेव्हा हिल्डाबाईंचा मेल आला.
तिकडे लांब, समुद्राकाठी, त्यांचं छोटं दुकान.
नऊ वर्षं आमचाच माल.
लिहिलं होतं, या ऑर्डरनंतर
वी मे हॅव टू थ्रो इन द टॉवेल.

हा अजून फळ्यावर आला नव्हता.
थ्रो म्हणजे टाकणे. इन म्हणजे आत.
आणि टॉवेल मला कोण शिकवणार?
शेठना म्हटलं, बाई एखादा जास्तीचा मागतायत.
येमुल शेठ हिशेबातून डोकं न काढता म्हणाले,
जुनं गिऱ्हाईक. एक काय, बारा टाक.
मी स्वतः निवडले, निळ्या काठाचे.
कडेची सुटी सुतं कापली,
घडीवरून दोनदा हात फिरवला,
खोक्यात सगळ्यात वर ठेवले.

मार्चअखेर सरांनी तो फळ्यावर लिहिला.
म्हणाले, ठोशांच्या कुस्तीत
आपला गडी फार मार खायला लागला की
त्याचाच माणूस बाहेरून टॉवेल फेकतो:
पुरे, आम्ही हरलो.
मराठीत, हात टेकणे.
सगळ्यांनी उतरवून घेतलं.
माझं पेन तसंच हातात.

बाई हात टेकत होती
आणि मी तिला वरून डझनभर टॉवेल धाडले.
सुतावरून स्वर्ग गाठतात तो असा.
आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सुतातलेच,
आम्हांला तो रस्ता जवळचा.

तीन रात्री माफीचा मेल लिहीत होते.
दर वाक्यात एक वाक्प्रचार घालायचे, काढायचे.
पाठवायच्या आत त्यांचाच आला.
दुकान बंद केलं, म्हणाल्या.
शेवटच्या दिवशी जे शेवटचे बारा लोक आले
त्यांना एकेक निळ्या काठाचा देऊन टाकला.
एक म्हातारा तो खांद्यावर टाकूनच घरी गेला.
खाली लिहिलं होतं, यू थ्रू इन ट्वेल्व्ह,
आणि पुढे दोन टिंबं, अर्धा कंस.
हसरा चेहरा असतो तो, एवढं मला कळतं.
पण त्या हसल्या कशा,
ते सरांनाही सांगता येईना.
सरांनी चष्मा पुसला, म्हणाले, उद्या बघू.

लेबलांच्या यादीत त्यांचा पत्ता अजून आहे.
दर खेपेला प्रिंट काढताना
तिसऱ्या ओळीवर येतो, मी तो वगळून पुढे जाते.
शेठ म्हणतात, काढून टाक एकदाचा.
टाकते की, म्हणते मी.